मोरजीला सकाळी विंडसर्फिंग: वाऱ्याची दिशा नक्की कशी ओळखायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्याचा, मागच्या वर्षी गोव्यात तीन दिवस विंडसर्फिंग शिकलो आणि आता जुनं बोर्ड न शीड विकत घेतलंय. डिसेंबरात गोव्यातच मोरजीच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसातला उतरलो. ॲपवर 'ई ९ नॉट', म्हणजे ताशी १६-१७ किमी. ई म्हणजे ईस्ट, वारा पूर्वेकडे चाललाय, समुद्र पश्चिमेला, म्हणजे काही झालं तरी वारा मला किनाऱ्यावरच आणून टाकणार असा माझा हिशोब. पाणीही ताटासारखं सपाट. सरळ आत गेलो, वळताना पडलो, शीड उचललं, परत पडलो, असं चार-पाचदा झाल्यावर मागे बघतो तर बायको ठिपक्याएवढी दिसत होती! किनाऱ्यावर वारा जाणवतही नव्हता आणि आत हात उपटत होता. शेवटी मासेमारीवरून परतणाऱ्या एका होडीने ओढून आणलं, त्या काकांनी कोकणीत जे सुनावलं ते कळलं नाही तेच बरं.

तर ॲप सोडून, नुसतं वाळूत उभं राहून दिशा कळते का? वेळ कुठली बरी? आणि शापोरा नदीच्या मुखाकडे जाऊ नको म्हणतात ते का? ('हा खेळ सोड' हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.)

प्रतिसाद १:
अहो, वाऱ्याला नाव तो जिथून येतो तिथलं! पूर्वेचा म्हणजे पूर्वेकडून, थेट समुद्रात नेणारा. शाळेत खारे वारे-मतलई वारे शिकलात ना, ते हेच. रात्री जमीन गार होते न सकाळपर्यंत वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, मतलई. पाणी सपाट दिसतं कारण लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं, आणि सुरू-माडांच्या आडोशामुळे काठावर तो लागत नाही. मूठभर कोरडी वाळू सोडा, शॅकवरचा झेंडा बघा, लांबवर पांढरे फेस दिसतायत का बघा. काठाला शांत आणि आत फेस असेल तर बोर्ड गाडीवरच राहू द्या. नांगरलेल्या होड्यांच्या तोंडावर विसंबू नका, प्रवाहानेही त्या फिरतात.

जमीन तापली की मधे वारा पडतो, मग दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो. तो तिरपा किनाऱ्याकडे येतो, नवशिक्याला हाच बरा. पण तो हळूहळू दक्षिणेला, शापोऱ्याच्या मुखाकडे ढकलतो म्हणून उत्तरेकडून उतरा आणि सुरुवातीलाच वाऱ्याच्या वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढून ठेवा. मुखाशी ओहोटीला नदी बाहेर ओढते, समोरून वारा आला की लाटा उभ्या राहतात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर विचारू नका.

अडकलात तर बोर्ड सोडून पोहत यायचं नाही, कितीही जवळ वाटलं तरी. बोर्डवरच थांबा, दोन्ही हात बाजूला वर-खाली हलवत राहा. काठावरच्या माणसाला परतायची वेळ सांगून जा आणि तोवर आला नाहीत तर ११२ लावायला सांगा. जून ते सप्टेंबर नावच काढू नका.

धागाकर्ता:
खूप धन्यवाद, आता पोटात गोळा आला. ॲपवरचा तो स्क्रीनशॉट आत्ता काढून बघितला, अक्षराशेजारी बाण आहे आणि तो चक्क समुद्राकडे दाखवतोय. मी बघितलाच नव्हता.