नासचा 'इल्मॅटिक' नक्की ऐकायचा कसा?

लयवेडा:

मंडळी, एक शंका आहे. मी वीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि आठ वर्षं तबला शिकतोय. रूममेट हिपहॉपचा भक्त. त्याच्या आग्रहावरून न्यूयॉर्कचा रॅपर नास याचा पहिला अल्बम 'इल्मॅटिक' ऐकला. १९९४ सालचा, दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं.

तीनदा ऐकूनही हाती फारसं काही लागलं नाही. सुरुवातीला जो ठेका लागतो तोच शेवटपर्यंत. ना लय वाढते, ना कुठे तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा. शब्द झपझप निघून जातात, आणि समोर ठेवून वाचले तरी निम्म्यांचा अर्थ लागत नाही. नेटवर मात्र बघावं तिथे हा सर्वश्रेष्ठांच्या यादीत. तिथेच असंही लिहिलेलं असतं की तेव्हा तो फारसा खपला नव्हता. मग हा मोठा झाला कधी? त्या वेळी लोकांना खरंच काही ऐकू आलं होतं, की मोठेपण मागाहून आलं? कुणी तेव्हा ऐकलेला असेल तर कृपया लिहा. मला अरे-तुरेच करा.

जुनी_कॅसेट:

खपाचं तेवढं सांगतो. १९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला. बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत थेट बाराव्या क्रमांकावर आला, पहिल्या आठवड्यात साठ हजारांच्या आसपास प्रती गेल्या. पाचच महिने आधी स्नूप डॉग या रॅपरचा पहिला अल्बम पहिल्या आठवड्यात आठ लाखांच्या घरात गेला होता, त्यामुळे कंपनीला हे आकडे फिके वाटले असणार. पाच लाखांचं 'गोल्ड' मिळायला जानेवारी १९९६ उजाडलं, दहा लाखांचं 'प्लॅटिनम' थेट २००१ मध्ये. पण एक गोष्ट लक्षात घे. अल्बम बाहेर येण्याआधीच त्याच्या चोरट्या प्रती न्यूयॉर्कभर फिरत होत्या. नासला कोलंबियापर्यंत नेणारा रॅपर एमसी सर्च सांगतो की त्याला एका गॅरेजमध्ये अशा साठ हजार प्रती सापडल्या होत्या. ज्यांनी त्या ऐकल्या ते कुठल्याच आकड्यात धरलेले नाहीत.

सांगलीकरीण:

लयवेड्या, मी ऐकला होता. त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जिथला नास. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

१९९१ मध्ये लग्न होऊन न्यूयॉर्कला गेले. जॅक्सन हाइट्समध्ये एका खोलीचं बिऱ्हाड, रूझवेल्ट अव्हेन्यूला लागून. त्या रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून सात नंबरची लोकल जाते. गाडी आली की ओट्यावरचे पेले किणकिणायचे. सांगलीहून आईचा फोन असला तर "थांब गं, गाडी जाऊ दे" म्हणावं लागायचं. लाँग आयलंड सिटीत एका औषधाच्या दुकानात मी गल्ल्यावर बसायचे. तळघरातून खोकी वर आणून माल फळ्यांवर लावणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो क्वीन्सब्रिजचा, नास वाढला त्याच वस्तीतला.

क्वीन्सब्रिज म्हणजे काय ते आधी सांगते, कारण त्याशिवाय हा अल्बम उलगडायचा नाही. नदीकाठी, मॅनहॅटनला जाणाऱ्या पुलाच्या बगलेत, १९३९ साली बांधलेली सरकारी वसाहत. शहाण्णव इमारती, प्रत्येक सहा मजल्यांची, तीन हजारांवर घरं. अमेरिकेत एवढी मोठी सरकारी वसाहत दुसरी नाही. खर्च वाचवायला लिफ्ट एकाआड एक मजल्यावरच थांबायची केलेली. नदीपलीकडे मॅनहॅटनचे दिवे झगमगताना दिसतात. मी दोनदाच आत गेले असेन, औषधं पोचवायला, दिवसाउजेडी, आणि दोन्ही वेळा तो मुलगा सोबत होता. जिन्यात एक आजी पायरीवर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मला पाणी विचारलं. त्या जागेबद्दल शहरात जे बोललं जायचं त्यात ही आजी कधीच नसायची.

तर कॅसेट. अल्बम दुकानात यायच्या आधीच त्या मुलाकडे होती. फुटपाथवर घेतलेली नकली, वर कव्हरची काळी झेरॉक्स. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत त्याने ती लावली आणि पहिला आवाज काय आला? पुलावरून जाणारी लोकल! मी डबा उघडत होते, हात तिथेच थांबला. रोज रात्री माझी झोप मोडणारा खडखडाट कुणीतरी गाण्याच्या सुरुवातीला ठेवला होता. त्या पहिल्या तुकड्यात 'वाइल्ड स्टाइल' या १९८३ च्या हिपहॉपवरच्या सिनेमातले संवाद आहेत हे मला नंतर कळलं. त्याखाली बारीक आवाजात नासचंच १९९१ मधलं पहिलंवहिलं कडवं वाजतं, दुसऱ्यांच्या गाण्यात म्हटलेलं. त्या एका कडव्यावर सगळं क्वीन्स तीन वर्षं त्याच्या अल्बमची वाट बघत होतं. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. मोठेपण मागाहून आलं नाही. अल्बम यायच्या आधीपासून लोक कान लावून बसले होते.

शब्द मलाही कळत नव्हते. तो मुलगा औषधं द्यायच्या खाकी पिशव्यांवर ओळी लिहून द्यायचा आणि मी घरी डिक्शनरी घेऊन बसायचे. अर्थात त्यातले निम्मे शब्द डिक्शनरीत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तो समजावायचा. आम्ही सुरुवात केली ती सातव्या गाण्यापासून, 'वन लव्ह'पासून. तूही तिथूनच कर. हे गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. तुला मुलगा झालाय, तुझ्यासारखा दिसतो म्हणे. तुझी बायको तुला पत्र का टाकत नाही? अमका असा वागला, तमका फिरकत नाही. अरे, मी दर पंधरवड्याला सांगलीला निळ्या आंतरदेशीय कागदावर नेमकं हेच लिहायचे! आपलं सोडून गल्लीचं सगळं. पत्र लिहिणारा किती एकटा आहे ते एका ओळीतही म्हटलेलं नाही आणि तरी कळतं. तिसऱ्या कडव्यात पत्र संपतं. दोन दिवस वस्तीपासून लांब राहून तो परततो आणि बाकावर त्याला एक बारा वर्षांचा मुलगा भेटतो, अंगात गोळ्या अडवणारं जॅकीट. त्याला तो जे चार शब्द सांगतो ते वडीलधाऱ्या माणसाचे आहेत. आणि सांगणाऱ्याचं वय? वीस.

वीस, लक्षात ठेव. आठवीनंतर शाळा सोडलेला मुलगा. वरच्या मजल्यावर राहणारा त्याचा जिवलग मित्र विल, ज्याच्या टर्नटेबलवर हा रॅप करायला शिकला, तो मे १९९२ मध्ये गोळी लागून गेला. त्याच रात्री नासच्या धाकट्या भावालाही गोळी लागली. तो वाचला. त्यानंतर रेकॉर्ड झालेला अल्बम आहे हा. रडगाणं त्यात नाही. खिडकीत बसून खाली जे घडतंय ते तो सांगतो, आणि सांगताना कोपरा, जिना, बाक, कुणाच्या हातात काय आहे, सगळं दिसतं.

आता ठेक्याचं. तुझी तक्रार मला पटते, कारण माझे मामा पखवाज वाजवायचे आणि त्यांना मी हे ऐकवलं तेव्हा त्यांनीही हेच म्हटलं. मग पुन्हा ऐकून ते म्हणाले, "अगं, इथे ठेका म्हणजे लेहरा." एवढ्या एका वाक्याने माझं काम झालं. एकल तबल्यात सारंगीवाला तोच लेहरा, म्हणजे मात्रा धरून ठेवणारी एकच चाल, तासभर वाजवतो आणि आपण सारंगीवाल्याला कंटाळवाणं म्हणत नाही. वादक आहे तो बोलणारा. चार मात्रांचं आवर्तन धर. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो, तिथे टाळी दे. मग बघ नास यमक कुठे टाकतो. सरळमार्गी रॅपर चौथ्या मात्रेवर यमक जुळवून ओळ संपवतो. हा ओळ समेपलीकडे नेतो, मधेच दोन-तीन यमकं पेरतो, पुढच्या आवर्तनात कुठेतरी श्वास घेतो आणि पुन्हा बरोबर जागेवर येतो. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये दोनच लांबलचक कडवी आहेत. खाली जो चेंबर्स या जॅझ वादकाच्या रेकॉर्डवरून उचललेले पियानोचे खर्जातले सूर. सुरुवात कशी करावी हे कळत नाही असं तो चक्क बोलतो, तेही रेकॉर्डवर तसंच राहिलंय, आणि मग सुटतो. या गाण्याचा निर्माता डीजे प्रीमियर सांगतो की पहिलं कडवं त्याने एका दमात, एकाच टेकमध्ये म्हटलं.

त्याच सुमारास तो मुलगा 'द सोर्स' हे मासिक घेऊन आला. हिपहॉपवाल्यांचं ते तेव्हाचं सगळ्यात वजनदार मासिक, अल्बमला माइकमध्ये गुण द्यायचे, पाचपैकी. पाच माइक फार दुर्मीळ. एका तरुण लेखिकेने या पहिल्याच अल्बमला पाच दिले होते. त्याने ते पान गल्ल्याच्या काचेवर ठेवून बोटाने माइक मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. मुंबईत कुणाचा बोर्डात नंबर आल्यावर चाळीत जे होतं ना, तसं त्या दिवशी क्वीन्सब्रिजचं झालं होतं.

आणि मग त्याने खरी कॅसेटही विकत घेतली. नकली मला दिली.

निळी_शाई:

सांगलीकरीण, फार मनापासून लिहिलंत. पण एक गोष्ट मला खटकते आणि ती बोलायला हवी. या अल्बममध्ये बाई कुठे आहे? तिसऱ्या गाण्याच्या नावातच शिवी, ती आयुष्याला दिलेली असली तरी बाईवरचीच. बाकी बायका येतात त्या कुणाची तरी मैत्रीण म्हणून, येता-जाता. खिडकीतून एवढं सगळं दिसणाऱ्याला त्या दिसल्या नाहीत? तुम्हाला जिन्यातली मटार सोलणारी आजी दिसली, ती त्याच्या गाण्यात नाही.

सांगलीकरीण:

नाही, ती नाही. हे मलाही तेव्हापासून बोचतंय. त्याची आई पोस्टात नोकरी करायची, वडील वेगळे झाल्यावर दोन्ही मुलं तिनेच वाढवली. तिच्यावर या अल्बममध्ये एकही गाणं नाही. ते आलं २००२ मध्ये, ती गेल्यावर. वडील मात्र पहिल्याच अल्बमवर हजर आहेत. मला याचं समर्थन करायचं नाही. हा वीस वर्षांच्या पोराच्या नजरेतला मोहल्ला आहे, आणि त्या नजरेची ही मर्यादा खरी आहे. तरीही मी तो ऐकते.

अंधेरी_पूर्व:

मुंबईचा धागा जोडतो. २०१९ मध्ये नासचा सहभाग असलेल्या मास अपील कंपनीने भारतात शाखा काढली, आणि घेतलेला पहिला कलाकार म्हणजे आमच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन. त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम 'कोहिनूर' त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. त्याच वर्षी नास, डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी एका गाण्यातही एकत्र होते. मी 'कोहिनूर' आधी ऐकला, 'इल्मॅटिक' नंतर. आमच्याकडेही वाद झालाच. सिंगल्समधला कच्चा, गल्लीतला आवाज ज्यांना प्रिय होता ते म्हणाले, फार गुळगुळीत झालं. मला तो आवडतो. पण 'इल्मॅटिक' ऐकल्यावर कळलं की एका वस्तीबाहेर पाऊलच न टाकता अख्खा अल्बम उभा राहू शकतो.

जुनी_कॅसेट:

गुळगुळीतपणाचा आरोप नासवरही झालाच. १९९६ चा दुसरा अल्बम यादीत थेट पहिला आला आणि पहिल्याचे चाहते हिरमुसले. आणखी एक. तेव्हा एका अल्बमला बहुधा एकच निर्माता किंवा एकच टोळी असायची. इथे लार्ज प्रोफेसर, प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि वस्तीतलाच एल. ई. एस. असे पाच जण आले. पुढे सगळ्यांनी तीच रीत धरली, आणि बहुतेकांचे अल्बम विस्कळीत झाले. इथे ते जुळून आलं, कारण पाचही जण त्याच शहराचे किंवा तिथे रुळलेले, आणि एकमेकांची रेकॉर्डं ऐकून ईर्षेने काम करणारे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत हा अल्बम घेतला.

लयवेडा:

काकू, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं केलं. दुसऱ्या आणि चौथ्यावर टाळी. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' पाच वेळा. तिसऱ्या वेळी पहिल्यांदा कळलं की तो सम टाळून जातोय. मी चुकत होतो, तो नाही. पाचव्या वेळी वहीत मात्रा मांडून यमकं कुठे पडतात त्यावर खुणा केल्या. एका आवर्तनात चार खुणा आल्या! सरांना दाखवणार आहे.

एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी बोल संपतात आणि एक फुंकवाद्य येतं, ट्रम्पेटसारखं पण मऊ. ते काय आहे? ते मी परत-परत मागे नेऊन ऐकतोय.

सांगलीकरीण:

ते कॉर्नेट. वाजवणारे त्याचे वडील, ओलू डारा. मिसिसिपीतल्या नॅचेझ गावचे, न्यूयॉर्कला येऊन जॅझमध्ये नाव काढलेले. त्या गाण्यात ए. झेड. पहिलं कडवं म्हणतो, अल्बमभर पाहुणा रॅपर तो एकटाच. मग नास येतो आणि विसाव्या वाढदिवसाच्या सकाळी जाग आली ते सांगतो. जिवंत आहे, हेच पुष्कळ, असं म्हणतो. त्यानंतर वडील वाजवतात.

आता तेवढा शेवट पुन्हा ऐक, पण आधीचं त्याचं कडवं सोडू नकोस.