मदत हवी आहे: झरी, मानशी, तळी, खाजनं एकाच वेब-नकाशावर आणि फिल्टर सगळ्यांना एकदम लागू व्हावा

कुळागरकाठ (फोंडा)

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या पाण्याच्या जुन्या जागांचा एक वेब-नकाशा आम्ही काही जण मिळून करतो आहोत. सुरुवात फोंडा, डिचोली, सत्तरी या तालुक्यांपासून केली आहे, पुढे बाराही तालुके घ्यायचे आहेत. माहिती चार तऱ्हेची आहे आणि तिथेच घोडं अडलं आहे.

झरी आणि मानशी (भरतीचं पाणी अडवायला बांधात दारं बसवलेले मार्ग) म्हणजे ठिपके. झरीचं पाणी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) नेणारे पाट म्हणजे रेषा. त्या फोनवर चालत चालत नोंदवल्या. तळी, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं), म्हादईकाठची पुरण शेती (नदीपात्रालगतची शेती) हे सगळे आकार, ते क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावरून काढले. शिवाय एक्सेलची एक यादी आहे, तिच्यात नुसतं गाव आणि तालुका. काही जागा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवरून (छापील भूरूप नकाशांवरून) उचललेल्या आहेत.

पान लीफलेट या वेब-नकाशाच्या लायब्ररीवर आहे, पार्श्वभूमी ओपनस्ट्रीटमॅपची, चार जिओजेसन (नकाशाची माहिती ठेवायचा प्रकार) फायली चार थरांत. थर चालू-बंद होतात. पण कुणी "डिचोली" आणि "एप्रिलमध्ये पाणी असतं" असं निवडलं तर ते चारही थरांना लागू व्हायला हवं. सध्या झरीच तेवढ्या गाळल्या जातात, बाकीचं जसंच्या तसं राहतं. जवळजवळचे ठिपके एकत्र दाखवणाऱ्या क्लस्टरच्या गोळ्यावरचा आकडाही बदलत नाही. खाजनांचा थर जड आहे. सत्तरीत आत गेलं की रेंज जेमतेम मिळते, तिथे पान उघडतच नाही.

याहून एक गोष्ट मला जास्त टोचते आहे. कितीतरी झरींच्या पुढे महिन्याचा रकाना रिकामा आहे, कारण उन्हाळ्यात तिथे कुणी जाऊन पाहिलेलंच नाही. "एप्रिल" निवडलं की त्या नकाशावरून नाहीशा होतात. पाहणाऱ्याला वाटणार, तिथे झर आटते किंवा झरच नाही. जमिनीच्या रूपांतरावरून गावोगावी वाद चालू असताना "तुमच्याच नकाशावर इथे पाणी दिसत नाही" असं कुणी ग्रामसभेत दाखवलं तर आम्ही काय बोलायचं? नकाशावर नाही म्हणजे जमिनीवर नाही, असाच अर्थ लोक घेतात. हे कसं टाळावं ते कृपया सांगा. लीफलेट सोडून मॅपलिब्रे या दुसऱ्या लायब्ररीकडे जाणं शहाणपणाचं होईल का, तेही हवं आहे.

---

रेखांश७४ (पुणे)

लायब्ररीचं नंतर बघू. आधी चारही फायलींचे रकाने सारखे करा, नाहीतर कुठल्याही लायब्ररीत हेच होणार. प्रत्येक नोंदीला, मग ती ठिपका असो, रेषा असो की आकार, ओळख क्रमांक, प्रकार, तालुका, गावाचा संकेतांक, पाण्याचे महिने, नोंद कधीची आणि जागा किती अचूक, एवढे रकाने हवेतच. तालुका यादी म्हणून ठेवा, कारण पाट दोन तालुक्यांतून जाऊ शकतो. महिनेही 1 ते 12 आकड्यांची यादी म्हणून ठेवा. "फेब्रु ते मे" असा मजकूर लिहिलात तर फिल्टर त्यावर चालणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. महिन्याच्या रकान्यात "होय" आणि "नाही" एवढ्याने भागत नाही. पाणी असतं, पाणी नसतं, कुणी पाहिलेलं नाही, आणि हा प्रश्नच इथे लागू नाही, अशा चार अवस्था लागतात. खाजनाला "एप्रिलमध्ये वाहतं का" विचारणं निरर्थक आहे. तिथे मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, पाणी महिन्यावर नाही तर भरती-ओहोटीवर चालतं. म्हणून "एप्रिल" निवडल्यावर पहिली अवस्था ठळक दाखवा, दुसरी गाळा, तिसरी पोकळ राखाडी वर्तुळात ठेवाच, आणि चौथीला हात लावू नका. फिल्टरच्या पट्टीवर "एवढ्या जागा पाहायच्या राहिल्या आहेत" असा आकडाही दिसू द्या. लोक स्वतःहून माहिती पाठवायला लागतील.

लीफलेटच्या जिओजेसन थराला जो फिल्टर देता येतो तो माहिती चढवताना एकदाच चालतो. नंतर निवड बदलली तरी तो परत चालत नाही. त्यामुळे सगळी माहिती मेमरीत एका यादीत धरा. निवड बदलली की त्या एकाच यादीवर अट लावा, थर रिकामे करा आणि जुळलेल्या नोंदी पुन्हा चढवा. ठिपके दिसेनासे करून क्लस्टरचा आकडा बदलत नाही, ते गटातून काढावेच लागतात. पुन्हा घालताना एकेक न घालता सगळे एकदम द्या, फोन अडखळणार नाही.

मॅपलिब्रेत शेकडो-हजारो आकार सुरळीत चालतात हे खरं, पण क्लस्टरची अडचण तिथेही आहे. क्लस्टर थरात नाही, थराला माहिती पुरवणाऱ्या स्रोतात तयार होतात. थराला फिल्टर लावला तरी गोळ्यांतले आकडे जुनेच राहतात. फिल्टरमधून उरलेली माहिती स्रोताला नव्याने द्यावी लागते. देवनागरी जोडाक्षरंही तिथे नकाशावर तुटलेली दिसण्याचा त्रास जुना आहे. लीफलेटमध्ये नावं ब्राउझरच काढतो, म्हणून "म्हादई" नीट "म्हादई"च दिसते. तुमचा पसारा पाहता लीफलेट पुरे.

---

तळ्याकाठी (डिचोली)

कुळागरकाठताई, तालुक्याच्या सीमा कुठून घेतल्यात? 2011 च्या जनगणनेच्या असतील तर त्यात धारबांदोडा वेगळा नाही, मोले-कुळे सांग्यातच दिसेल. कुणी "धारबांदोडा" निवडलं की नकाशा रिकामा. रिकामा नकाशा म्हणजे काय, ते तुम्हीच वर लिहिलं आहे.

आणि नावांवर जोडणी करू नका. तुमच्या एक्सेलमध्ये साखळी असेल, सरकारी तक्त्यात ती इंग्रजी स्पेलिंगवरून सांकेली झालेली असेल. गावाचा संकेतांक वापरा, नाव फक्त दाखवण्यापुरतं. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) काढताना यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या चालणारा अक्षरसंकेत) वाला पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

---

कुळागरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सीमा 2011 च्याच आहेत, आज बदलते. पोकळ वर्तुळाची सूचना आमच्या सगळ्यांना पटली.

आता जड थराचं सांगाल का? खाजनांचे काठ उपग्रहचित्रावर अगदी बारकाईने काढले आहेत, शेजारशेजारच्या दोन खाजनांना एकच बांध सामाईक आहे. आकार सोपे करायला गेले तर मधे फटी पडतात. दुसरं म्हणजे काही झरी भलत्याच ठिकाणी पडतात. एक तर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आहे, आणि काही आपल्या गावाच्या पार दक्षिणेला.

---

रेखांश७४

नॉर्वेवाली झर सोपी आहे. जिओजेसनमध्ये आधी रेखांश मग अक्षांश, 2016 च्या आरएफसी 7946 या त्याच्या मानकात तसंच ठरलं आहे. लीफलेटला हाताने ठिपका देताना मात्र आधी अक्षांश. उलटसुलट झालं की 15.4, 73.9 ही जागा आर्क्टिकमध्ये जाते.

दक्षिणेला सरकलेल्या झरी पाहा: कुणीतरी 15 अंश 24 मिनिटं हे 15.24 असं लिहिलं असणार. खरे 15.4 हवेत. फरक 0.16 अंशाचा, म्हणजे जवळपास 18 किलोमीटर. दशांशानंतर 60 किंवा त्याहून मोठा आकडा कधीच नसलेला रकाना दिसला की संशय घ्या. थोड्याच अंतराने सरकलेल्या असतील तर टोपोशीट तपासा; जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावरच्या (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरच्या) आहेत आणि फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या नव्या मापावर. क्यूजीआयएसमध्ये शीट चढवताना तिची मूळ प्रणाली सांगा, मग रूपांतर करा.

फटींसाठी मॅपशेपर (आकार सोपे करणारा प्रोग्राम) वापरा. तो सामाईक कड एकच धरतो आणि एकदाच सोपी करतो, दोन्ही खाजनं चिकटलेली राहतात. दशांशानंतर 5 आकडे ठेवा, तेवढ्यात साधारण मीटरभराची अचूकता मिळते. क्यूजीआयएस त्याहून खूप जास्त आकडे लिहितं, आणि फाईल त्यानेच फुगते. आकारांच्या मधोमध नाव किंवा चिन्ह ठेवायचं असेल तर मध्यबिंदू घेऊ नका. नदीच्या वळणावरचं खाजन चंद्रकोरीसारखं असतं, त्याचा मध्यबिंदू मांडवीत पडेल. "आकारावरचा बिंदू" असं वेगळं साधन आहे, ते हमखास आतच पडतं.

---

वाळपईकर

तांत्रिक गोष्टीत मला गती नाही, पण एक विनंती. आमच्याकडे बऱ्याच झरी देवराईत आहेत. काही ठिकाणी झरीपाशी जुन्या मूर्ती उघड्यावर आहेत. त्या जागा ठिपक्यासकट देऊ नका. गावाने सांगितल्याशिवाय तर नकोच.

---

रेखांश७४

वाळपईकरांचं म्हणणं फार महत्त्वाचं. अशा नोंदींचे दशांशानंतर 2 च आकडे ठेवा, जागा किलोमीटरभराच्या टप्प्यात राहते. पण हे फाईलमध्येच करा. नकाशावर अंधूक दाखवलं आणि मागे पूर्ण आकडे राहिले तर जिओजेसन कुणीही उतरवून घेईल. मूळ फाईल वेगळी, वेबवरची वेगळी.

---

कुळागरकाठ

वाळपईकर, देव बरें करूं. देवराईतल्या झरींबद्दल आम्ही त्या त्या गावात विचारू, होकार मिळेपर्यंत त्या वेबवरच्या फायलीतून काढून ठेवते.

चारही फायली एका साच्यात आणायला घेतल्या आहेत. मानशीच्या नोंदीत ती कुठल्या खाजनाची याचा क्रमांकही घातला, म्हणजे खाजनावर बोट ठेवलं की त्याच्या मानशी उजळतील. एकच अडलं आहे: पोकळ वर्तुळं क्लस्टरमध्ये गेली की गोळ्याच्या आकड्यात ती पाहिलेल्या झरींबरोबरच मोजली जातात. 12 चा गोळा दिसतो, पण त्यातल्या किती खरंच एप्रिलमध्ये वाहतात ते कळत नाही. दोन वेगळे क्लस्टर केले तर ते एकमेकांवर चढतात. एकाच गोळ्यात दोन आकडे दाखवणारं कुणी केलं आहे का?