रबर जाळणं म्हणजे लाँच नव्हे

मागचा एक्सल :
परवा आपल्या गाडीवाल्यांच्या गटात कुणीतरी लिहिलं होतं: "मॅन्युअल, रिअर व्हील ड्राइव्ह गाडी जागेवरून काढायची तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करा, पाच हजारावर रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धरा आणि क्लचवरून पाय काढून घ्या. टायर ओरडले नाहीत तर लाँच झालीच नाही." खाली टाळ्या, बदाम, आगीचे गोळे. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मी मिशिगनला असतो, टोयोटाची जीआर ८६ आहे, मागच्या चाकांवर चालणारी. उन्हाळ्यात महिन्यातून दोन रविवार पार्किंग लॉटमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस भरतं, म्हणजे शंकूंमधून घड्याळ लावून एकेक गाडी पळवायची, तिथे जातो. पहिल्या वर्षी मीही हेच करायचो. धूर झकास निघायचा. आणि माझ्यामागून जुन्या मियाटातले (माझदाची छोटी गाडी) एक सत्तरीचे आजोबा देवळात निघाल्यासारखे निघायचे आणि माझ्याहून कमी वेळ लावून परत यायचे.

हिशेब बघा. इंजिन देतं २५० न्यूटनमीटर पीळ. पहिला गिअर ३.६२६, फायनल ड्राइव्ह ४.१, म्हणजे चाकापर्यंत पीळ पोचतो तो जवळपास १५ पट होऊन. चाकाच्या त्रिज्येने भागा, थोडा वाटेत गळला म्हणा, तरी दहा हजार न्यूटनच्या वर रेटा. गाडी आणि मी मिळून साडेतेराशे किलो. साधे टायर कोरड्या डांबरावर मागच्या बाजूला साडेसात हजाराच्या आसपास पेलतात, तेही निघताना वजन मागे बसतं हे धरून. उभी असताना मागे ४७ टक्के, जोरात निघाली की ५७ च्या घरात. म्हणजे नुसतं इंजिनच टायरला भारी आहे. त्यात पाच हजारावर गरगरणारं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची जड चकती, क्लच सोडला की आपली सगळी साठवण एका दणक्यात खाली ओततं. टायर करणार काय?

मी असं करतो. डावी टाच जमिनीला टेकलेली. क्लच मांडीने नाही सोडायचा, घोट्याने सोडायचा. रेस साडेतीन हजारावर स्थिर. मग क्लच वर, बाइट येईपर्यंत, म्हणजे क्लच पकडायला लागेपर्यंत. काटा झुकतो, नाक केसभर उचलतं, तिथे पाय थांबवायचा. एक-दीड सेकंद तिथेच. गाडी इंजिनाला गाठते तसा उरलेला क्लच सोडायचा, आणि उजवा पाय त्यानंतर खाली, कान टायरकडे ठेवून. टायर घुरघुरला तर बरोबर चाललंय. किंचाळला की वेळ गेली. फिरणं अजिबात नको.

टेक्सासचा घोडेवाला :
ती पोस्ट माझी होती. नाव घ्यायची लाज वाटली का?

आधी एक सांग, शंकूंभोवती गरबा खेळणाऱ्याने ड्रॅगवाल्याला (सरळ पट्टीवर शर्यत मारणाऱ्याला) लाँच शिकवावी हे कुठलं शास्त्र? माझी मस्टँग जीटी आहे, ५ लिटर व्ही ८, सहा गिअर हाताने. आम्ही ड्रॅग स्ट्रिपवर आधी पाण्यात टायर भिजवून फिरवतो. लाइन लॉक पुढचे ब्रेक धरतो, मागची चाकं गरम होतात. गरम रबर चिकटतं. मग लाँच. तू थंडगार टायरवर पार्किंग लॉटमधून निघतोस आणि "फिरणं अजिबात नको" म्हणतोस.

आणि हे "अजिबात" चूक आहे. टायरची सर्वात जास्त पकड शून्य घसरणीला नसते. चाक गाडीपेक्षा १०-१५ टक्के जास्त फिरत असतं तेव्हा असते. हे कुठल्याही टायरवाल्याला विचार. तुझे मियाटावाले आजोबासुद्धा थोडे फिरवतच असणार, फक्त तुला ऐकू येत नाही.

मागचा एक्सल :
१०-१५ टक्के मान्य. "अजिबात" मागे घेतो. पण क्लचवरून पाय काढल्यावर १५ टक्के होत नाही रे, दोनशे टक्के होतं. तुझ्या पोस्टमध्ये पाण्याचा, गरम टायरचा एक शब्द नव्हता. ते वाचून कुणी पोरगा सिग्नलवर हे करणार, आणि कार्स अँड कॉफीतून, म्हणजे गाडीवाल्यांच्या मेळाव्यातून, बाहेर पडणाऱ्या मस्टँगी गर्दीकडे कशा वळतात त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

टेक्सासचा घोडेवाला :
आलाच तो विनोद. दहा वर्षं जुना आहे. नवीन काढ.

हाफक्लच :
दोघांचंही बरोबर असेल, पण मला या दीड सेकंदाबद्दल बोलायचंय. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून "हाफ क्लच, हाफ क्लच" (पेडल अर्धं दाबून गाडी तोलणं) करून पोरांची वाट लावलीय. चढावर हाफ क्लच, सिग्नलला हाफ क्लच, गॅरेजमधून काढताना हाफ क्लच. हँडब्रेक हे जणू पार्किंगचं शोभेचं हँडल. माझ्या भाच्याने नव्या गाडीची क्लच प्लेट अठरा हजार किलोमीटरमध्ये संपवली. मेकॅनिकने प्लेट काढून दाखवली, निळी पडलेली, हाताला भाजलेल्या वांग्यासारखा वास. शाळेतल्या सरांना विचारलं तर म्हणाले "गाडीच हलकी आहे." आणि इथे तुम्ही तेच तंत्र म्हणून शिकवताय.

मागचा एक्सल :
अहो, क्लच घसरवल्याशिवाय उभी गाडी हलणारच कशी? फरक किती वेळ आणि किती वेळा याचा आहे. सिग्नलवर मिनिटभर चढावर पायाने गाडी तोलून धरणं वेगळं, दीड सेकंदाची एक लाँच वेगळी. मीही वास काढलाय, नाही म्हणत नाही. एका रविवारी सहा लाँच लागोपाठ मारल्या, सातव्याला पेडल मऊ. घरी येईपर्यंत खिडक्या उघड्या. तेव्हापासून दोनमध्ये दहा मिनिटं सोडतो.

हाफक्लच :
म्हणजे जळतोच. एवढंच म्हणत होतो.

सहावा गिअर :
पुण्यात मित्राकडे बीएमडब्ल्यूची एम २ आहे, मॅन्युअल. ४६० हॉर्सपॉवर, ५५० न्यूटनमीटर, मागे २८५ चे टायर. ट्रॅक्शन कंट्रोलला दहा पायऱ्या आहेत. तो चारवर ठेवतो, पाय दाबतो, बाकी गाडी बघते. तुमचं हे घोटा, टाच, घुरघुर वगैरे वाचायला छान आहे, पण कंपनीचेच आकडे आहेत: १०० चा वेग मॅन्युअलला ४.३ सेकंद, ऑटोमॅटिकला ४.१. मशीन माणसाला हरवतं. मग वाद कशाचा?

टेक्सासचा घोडेवाला :
वाद याचा की ४.१ वाला ते स्वतः करत नाही. बाकी आकड्यांचं म्हणाल तर आमच्या इथली मासिकं शून्य ते साठ मोजताना पहिला फूटभर घड्याळ चालूच करत नाहीत. ड्रॅग स्ट्रिपची जुनी पद्धत. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण सोडेपर्यंत वेळ सुरू होत नाही. त्यात दोन-तीन दशांश सेकंद फुकट मिळतात. एका मासिकाचा आकडा दुसऱ्याला लावून भांडणारे बघितले की हसू येतं.

सहावा गिअर :
पण माझा मुद्दा तो नव्हता.

गुहागरी :
तुमचं चालू द्या. मी फक्त एवढंच सांगते की रिअर व्हीलची गाडी चाकं न फिरवता काढायची कला आम्ही कोकणातल्या बायका १९९८ पासून जाणतो. आमच्याकडे ओम्नी होती. इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना, आणि मागे काहीच नाही. आमच्या घराचा चढ जांभ्याचा. पहिला पाऊस पडला की त्याच्यावर हिरवं शेवाळ. रिकामी ओम्नी तिथे दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा जागच्या जागी चाकं फिरवायची, मागून शेजारची पोरं हसायची. सासऱ्यांनी उपाय काढला. मागच्या सीटमागे चार चिरे. बस. पायाला लोणी लावल्यासारखी चढायची.

कोल्हापुरी रस्सा :
ताई, ओम्नी म्हंजे परफॉर्मन्स गाडी व्हय? इथं कशावर बोलणं चाललंय, तुमी कशावर आलाय. आणि चिरे टाकले म्हंजे वजन वाढलं. वजन वाढलं की पिकअप गेलं. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग बघायला गेलतो, लोक स्टेपनी, मागची सीट, गालिचे, सगळं उपसून काढत होते. आणि तुमी दगड भरताय.

गुहागरी :
दगड नव्हे हो. चिरे.

आणि "व्हय" काय, होच. पावसाळ्यात आमच्या चढावर ती मस्टँग आणा, मग परफॉर्मन्स बघू.

सहावा गिअर :
रस्साभाऊ, सॉरी, पण ताईंचं भौतिकशास्त्र तुमच्यापेक्षा पक्कं आहे. टायर फिरतोय तोवर गाडी किती जोरात निघेल हे एकूण वजनावर ठरत नाही. एकूण वजनापैकी किती टक्के मागच्या चाकांवर आहे त्यावर ठरतं. वजन दोन्ही बाजूंनी कटतं. एक्सलच्या मागे चिरे ठेवले की टक्केवारी वाढते, म्हणजे सुटका जोरात. तोटा नंतर सुरू होतो, टायर पकडल्यावर इंजिनला जास्त ओझं ओढावं लागतं तेव्हा. पोर्शा ९११ जागेवरून तशी का सुटते? इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे. जर्मनांनी चिरे फॅक्टरीतूनच बसवून दिलेत.

कोल्हापुरी रस्सा :
मग नॅनो पण ९११ म्हणा की. तिचंबी इंजिन मागंच.

सहावा गिअर :
तत्त्वतः, हो.

कोल्हापुरी रस्सा :
झालं. नॅनो ९११, ओम्नी मस्टँग. मी निघतो.

हाफक्लच :
चिऱ्यांसकट चढावर ओम्नी, आणि शिकवणार कोण? परत तेच हाफ क्लच. बघा विषय फिरून कुठे येतो.

गुहागरी :
आम्ही हँडब्रेकवर काढायचो. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. हाफ क्लच धरला की मागून टपली. हँडब्रेक ओढलेला, रेस किंचित, क्लच वर घेत न्यायचा. गाडीची मागची बाजू जराशी खाली बसली की समजायचं पकडलं, मग हँडब्रेक हळूच खाली. त्या बसण्याला ते "गाडी उकिडवी बसते" म्हणायचे. तुमचं ते नाक केसभर उचलणं हेच ना?

मागचा एक्सल :
अगदी हेच. तुमच्या सासऱ्यांना मिशिगनला पाठवा, बाकी सगळ्यांची मी सोय करतो.

आणि हँडब्रेकचा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये राहिलाच होता. आमच्या इथे सुरुवातीची जागा कधी कधी चढावर असते, तिथे मीही तेच करतो. फक्त चिरे नेता येत नाहीत. तपासणीत गाडीतली सुटी पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढायला लावतात.

टेक्सासचा घोडेवाला :
अरे वा. मी सांगितलं तर गर्दीचे व्हिडिओ, ताईंनी सांगितलं तर "अगदी हेच". माझ्या गाडीत हेच काम लाँच कंट्रोल करतं, मॅन्युअल असूनही. आकडा ठरवायचा, पाय तुडवायचा, रेस तिथेच अडकते. तो आकडा ठेवायची सोय दिलीय म्हणजे रेस लागते हे कंपनीलाही मान्य आहे.

मागचा एक्सल :
रेस लागते हे मी कधी नाकारलं? साडेतीन हजार लिहिलंय वर. आधी वाचत जा. आणि लाँच कंट्रोल रेस धरतं, क्लच तुझाच पाय सोडतो. तो पाय तू काढून घेतोस, एवढंच तर भांडण आहे.

टेक्सासचा घोडेवाला :
वाचलंय. आणि परवा करूनही पाहिलं, आता तोंडातून काढतोयस तर सांगतो. शुक्रवारी रात्री स्ट्रिपवर होतो. नेहमीच्या टायरवर, रेस साडेचार हजारावर ठेवून क्लच सोडला: पहिले साठ फूट २.३ सेकंद. मागचा भाग ठकठक उड्या मारत होता, आरशातलं चित्र दोन दोन दिसत होतं. दुसऱ्यांदा तीन हजार, आणि तुझं ते घोट्याचं. २.१. पाण्यात टायर फिरवणं दोन्ही वेळा केलं होतं, म्हणजे त्याचं श्रेय तुला नाही.

मागचा एक्सल :
दोन दशांश! साठ फुटांत!

टेक्सासचा घोडेवाला :
उड्या मारू नकोस. रात्री दवामुळे पट्टी गार होती. गरम दुपारी साडेचार हजारच बरोबर ठरलं असतं.

सहावा गिअर :
माझ्या मित्राने हा धागा वाचून काल ट्रॅक्शन कंट्रोल चारवरून शून्यावर आणलं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. एपॉक्सी फरशीवर. दोन काळे पट्टे, सेक्रेटरींचा फोन, आणि समोरचा खांब हातभर राहिला. त्याने मला विचारलं, "घुरघुरला की किंचाळला?" मी म्हटलं, सेक्रेटरी किंचाळले.

हाफक्लच :
क्लच?

सहावा गिअर :
वास येतोय म्हणाला.

कोल्हापुरी रस्सा :
परत आलो, एकच शंका. ताई, ती ओम्नी आता कुठाय? चिरे काढले का न्हाई?

गुहागरी :
२०१४ ला विकली. देवरुखचा एक मुलगा घ्यायला आला होता. गाडी चढावर नेऊन बघितली, उतरला, मागचं दार उघडून आत बघितलं आणि किमतीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, "काकी, चिरे गाडीबरोबर येतात ना?"