वर्गणी मागायला धीर कुठून आणायचा?

जतची_लेक
नमस्कार. मी जतच्या पूर्व भागातली, आता सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते. आम्ही काही जणी मिळून छोटा नोंदणीकृत ट्रस्ट चालवतो. जत, आटपाडीकडच्या ज्या मुली अकरावी-बारावीसाठी इथं खोली करून राहतात, त्यांना दोन वेळचा डबा देतो. एका मुलीचा महिन्याचा खर्च २५०० रुपये. यंदा मुली वाढल्यात आणि ओळखीतल्यांचे पैसे पुरेनासे झालेत. म्हणजे आता बाजारपेठेत जायला हवं, आणि तिथंच घोडं अडलंय. परवा गणपती पेठेत एका दुकानात गेले. मालक "बसा" म्हणाले. मी पत्रक पुढं केलं, "जमलं तर बघा, नाही जमलं तरी चालेल" म्हटलं आणि उठून आले. आमच्याकडं दुष्काळात जनावरं छावणीत बांधली, पण वडिलांनी कुणापुढं हात पसरला नाही. ते अंगात भिनलंय. ज्यांनी वर्गणी गोळा केली आहे त्यांनी सांगा, धीर कुठून आणता?

कोरेगावच्या_बाई
बाळ, "नाही जमलं तरी चालेल" हे आजपासून बंद. तुला चालेल गं, त्या मुलींना कसं चालेल?

मी साताऱ्यात शिक्षिका होते. निवृत्तीनंतर एका वसतिगृहासाठी धान्य आणि पैसे मागत फिरते. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत मी न चढलेली दुकानाची पायरी विरळाच. आपल्या भागात हे काम फार मोठ्या माणसांनी केलंय. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. त्यांच्यासाठी मुष्टिफंड असायचा, घरातली बाई मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची. त्या बायांची घरं काही भरलेली नव्हती. तिला नाही परवडायचं असं अण्णांनीच ठरवून टाकलं असतं, तर ती मूठ पोरांपर्यंत आलीच नसती. म्हणून समोरच्याच्या वतीने "नाही" आपण म्हणायचं नाही. कपडे-चपला बघून तर मुळीच ठरवायचं नाही. माझी सगळ्यात नियमित देणगीदार मंडईत मेथी-कोथिंबीर विकते. महिन्याला शंभर रुपये, आणि पावती घेतल्याशिवाय मला सोडत नाही.

दुसरं, अण्णा लोकांच्या दारी गेले तेव्हा त्यांच्या घरातलं आधीच गेलेलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण नव्या पुस्तकातली पहिली पावती मी माझ्या नावाची फाडते. कुणी विचारत नाही, तरी आवाजात फरक पडतो.

आणि आकडा सांग. "यथाशक्ती द्या" म्हटलं की माणूस १०१ वर येतो. "एका मुलीचा सहा महिन्यांचा डबा, १५,००० रुपये" म्हण आणि गप्प राहा. समोरचा विचार करत असतो, हिशेब घालत असतो, आणि नेमकं तेव्हाच घाबरून आपण पाच हजारांवर उतरतो. घालू दे त्याला हिशेब.

वडिलांचं म्हणशील तर, दुष्काळात आमच्या भागातून उसाच्या वाड्याच्या, म्हणजे जनावरांना घालायच्या हिरव्या शेंड्यांच्या, गाड्या भरून गेलेल्या मी पाहिल्यात. कुणीतरी येऊन मागितलं म्हणून त्या निघाल्या. तुझ्या वडिलांची जनावरं जगली त्यात त्या मागणाऱ्याचाही वाटा आहे. हे त्यांना सांग.

हळद_अडत
ताई, मी देणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. मार्केट यार्डात आमची अडत आहे. सौदे चालू असताना येऊ नका, तेव्हा सख्ख्या भावाशीही बोलायला सवड नसते. दुपारनंतर या. पावतीवर नोंदणी क्रमांक हवा आणि मागच्या वर्षी किती आले, कुठं गेले त्याचा एक कागद हवा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा मागणारे खूप आले आणि आम्हीही हात आखडला नाही. पुढं काही जण हिशेब घेऊन परत आले, काही परत दिसलेच नाहीत. जे आले त्यांना मी आज प्रश्न विचारत नाही, चेक लिहितो. एक विनंती, जेवणाऱ्या मुलींचे फोटो पत्रकावर छापू नका. त्यांनाही वर्गात बसायचं असतं.

ताळेबंद
८०जी ची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळते ती, मान्यता असेल तर पत्रकावर ठळक लिहा. मात्र सरसकट "कर वाचेल" म्हणू नका. वजावट जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच मिळते, तीही तुमच्यासारख्या ट्रस्टला दिलं तर बहुधा निम्म्या रकमेवर, मर्यादेत. २००० रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय घ्या. पॅन पावती फाडतानाच लिहून घ्या, नंतर फोन करत बसावं लागतं.

जतची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबाचा कागद आज रात्री करायला घेते. बाई, एक विचारू? "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले तर परत कधी जायचं?

कोरेगावच्या_बाई
तिथंच वार विचारायचा. "पहिल्या सोमवारी येऊ का?" म्हणायचं, त्यांच्यासमोर वहीत लिहायचं, आणि त्या सोमवारी जायचं. ते विसरले असतील तर न रागावता पुढचा वार घ्यायचा. आणि स्पष्ट "नाही" म्हणाले तर नमस्कार करून उठायचं, पण वर्षअखेरीला हिशेबाचा कागद त्यांनाही नेऊन द्यायचा. माझे निम्मे देणगीदार असेच आलेत.