ऑस्करने डावलले, म्हणजे नेमके कोणत्या टप्प्यावर?

पहिली रांग :
ऑस्करने कोणावर अन्याय केला, हा विषय निघाला की 'सिटिझन केन'चे नाव ठरल्यासारखे पुढे येते. नऊ नामांकने असूनही त्या चित्रपटाला केवळ पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि १९४१ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून जॉन फोर्ड यांचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' निवडला गेला, हे खरे. परंतु दोन्ही चित्रपट नामांकनांनंतरच्या अंतिम मतपत्रिकेवर होते आणि मतदारांनी त्यांतला एक पसंत केला, तेव्हा याला फार तर चुकलेली पारख म्हणता येईल. माझा आक्षेप आहे तो मतपत्रिकेपर्यंत जी कामे पोहोचलीच नाहीत त्यांच्याविषयी. 'हेरेडिटरी'मध्ये (२०१८) जेवणाच्या टेबलावर मुलावर बरसणारी आई टोनी कोलेट यांनी अशी उभी केली आहे की शोक, अपराधभाव आणि पोटच्या मुलाविषयीचा तिरस्कार एकाच दमात बाहेर पडतो. त्या वर्षीच्या पाच नामांकनांत त्यांचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी 'अस' (Us) या चित्रपटात लुपिटा न्योंगो यांनी एकाच चेहऱ्याच्या दोन स्त्रिया चालीतून आणि घशात अडकलेल्या आवाजातून वेगळ्या केल्या. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले, अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेने नामांकन दिले, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मात्र त्या खिजगणतीतही नव्हत्या. दोन्ही भयपट आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

जुना प्रेक्षक :
नामांकन मिळाले म्हणजे न्याय झाला, ही भूमिका मला मान्य नाही. हिचकॉक यांना दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकन मिळाले आणि पाचही वेळा ते रिकाम्या हाताने परतले. त्यांचा 'रिबेका' १९४० चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तेव्हाही तो मान निर्माते सेल्झनिक यांच्याकडे गेला आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'साठी फोर्ड यांना मिळाला. शेवटी १९६८ मध्ये थालबर्ग पुरस्कार, म्हणजे निर्मात्यांसाठीचा अकादमीचा मानद पुरस्कार, देऊन त्यांची बोळवण करण्यात आली. अभिनेते पीटर ओ'टूल यांची आठ नामांकने घ्या. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या वर्षी 'टू किल अ मॉकिंगबर्ड'च्या ग्रेगरी पेक यांच्याकडून हरण्यात काही कमीपणा नव्हता, आणि सुटे सुटे पाहिले तर पुढच्या बहुतेक पराभवांचेही समर्थन करता येईल. पण आठही वेळा तेच घडते तेव्हा दोष एखाद्या वर्षाच्या माथी मारून चालत नाही. मानद पुरस्कार देऊ केला तेव्हा, आपण अजून स्पर्धेत आहोत, ऐंशी वर्षांचे होईपर्यंत थांबावे, असे त्यांनी अकादमीला कळवले होते. अखेर २००३ मध्ये त्यांनी तो स्वीकारला, आणि त्यानंतर 'व्हीनस'साठी नामांकन मिळून ते पुन्हा हरले.

शिवाय अशा थकबाकीचा भुर्दंड तिसऱ्यालाच बसतो. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागासाठी अल पचिनो यांना नाकारलेला पुरस्कार अकादमीने १९९२ च्या 'सेंट ऑफ अ वुमन'साठी दिला, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याच वर्षी 'माल्कम एक्स'मधले डेन्झेल वॉशिंग्टन मागे राहिले. ते नामांकित होते. त्याचा त्यांना काय उपयोग झाला?

तिसरी घंटा :
आपण दोघेही पुरस्काराला परीक्षेचा निकाल समजत आहात. अकादमी ही एका व्यवसायातील लोकांची संस्था आहे. तिचे सभासद मत देतात, आणि मतावर कोणाचा हक्क नसतो. न्योंगो हव्या होत्या असे म्हणणाऱ्याने त्या वर्षीच्या पाचांतून कोणाला वगळायचे तेही सांगितले पाहिजे. रेनी झेल्वेगर, सिंथिया एरिवो, स्कार्लेट जोहान्सन, सर्शा रोनन आणि शार्लीझ थेरॉन अशी ती नावे होती. भयपटांविषयीची तक्रारही अतिशयोक्त आहे. 'मिझरी'साठी कॅथी बेट्स यांना पुरस्कार मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षी 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ने पाचही प्रमुख पुरस्कार नेले, आणि अगदी अलीकडे 'द सबस्टन्स'साठी डेमी मूर यांना नामांकन मिळाले.

पहिली रांग :
थेरॉन यांना वगळा. 'बॉम्बशेल'मधले त्यांचे काम सफाईदार आहे. मात्र त्यातला मोठा वाटा रंगभूषेचा आहे, आणि त्या रंगभूषेला स्वतंत्र पुरस्कार मिळालेलाही आहे. तीन-साडेतीन दशकांतून तीन नावे काढून दाखवावी लागतात, यावरूनच भयपटाला किती अरुंद दार आहे ते कळते.

नामांकन ठरते कसे, हेही पाहायला हवे. अभिनयाची नामांकने अकादमीची केवळ अभिनेत्यांची शाखा ठरवते. प्रत्येक मतदार पसंतीक्रमाने पाच नावे लिहितो, आणि पाच जागांसाठी एकूण मतपत्रिकांच्या एक-षष्ठांशाहून थोडी अधिक मते मिळाली की जागा पक्की होते. या मोजणीत पहिल्या पसंतीला फार वजन असते. शेकडो मतपत्रिकांवर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलेले नाव गळून पडू शकते. 'टू लेस्ली'साठी अँड्रिया राइसबरो यांना २०२३ मध्ये जे अनपेक्षित नामांकन मिळाले, ते सहकलाकारांनी अखेरच्या दिवसांत केलेल्या आग्रहामुळे. त्या वर्षी 'टिल'मधल्या डॅनिएल डेडवायलर आणि 'द वुमन किंग'मधल्या व्हायोला डेव्हिस बाहेर राहिल्या. अकादमीने त्या प्रचाराची चौकशी केली आणि नामांकन कायम ठेवले. राइसबरो यांचे काम उत्तमच आहे. परंतु ज्याच्या बाजूने कोणी आग्रह धरत नाही ते काम किती सहज बाहेर फेकले जाते, हे या प्रकरणात उघड दिसले.

उपशीर्षक :
ही सारी चर्चा इंग्रजी चित्रपटांपुरती चालली आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात तर अकादमीच्या आधीच चाळणी लागते, कारण प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो. फ्रान्सने २०२३ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' बाजूला ठेवून 'द टेस्ट ऑफ थिंग्ज' पाठवला. नाकारलेल्या चित्रपटाला सर्वसाधारण विभागांत पाच नामांकने आणि मूळ पटकथेचा पुरस्कार मिळाला, पाठवलेल्याला नामांकनही मिळाले नाही. भारताचा चित्रपट निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनने पुढच्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळवलेल्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ऐवजी 'लापता लेडीज' निवडला. डावललेल्या, म्हणजे पायल कापाडिया यांच्या चित्रपटाला इतर विभागांची वाट मोकळी होती. पण एकही नामांकन मिळाले नाही. इथे अभिनेत्यांच्या शाखेला दोष कसा देणार? तो चित्रपट ज्यांनी अडवला त्यांचा अकादमीशी संबंधच नाही.

तिसरी घंटा :
एका देशाला एक चित्रपट हा नियम काढला, तर पाचांपैकी तीन जागा दर वर्षी फ्रान्स किंवा तशाच एखाद्या मोठ्या चित्रपटसृष्टीकडे जातील आणि लहान देशांना कोणी विचारणार नाही. निवड समिती चुकते म्हणून नियम वाईट ठरत नाही.

उपशीर्षक :
नियम ठेवावा, पण चित्रपट अधिकृतपणे सादर करण्याचा हक्क निर्मात्यालाही असावा. कानच्या मुख्य स्पर्धेत पारितोषिक मिळवलेल्या चित्रपटाला आपल्याच देशातल्या समितीची परवानगी लागावी, हे मला पटत नाही.

जुना प्रेक्षक :
९८ व्या पुरस्कारांपासून अकादमीने एक बदल केला आहे: ज्या विभागात अंतिम मत द्यायचे, त्यातले सर्व नामांकित चित्रपट सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. माझा आक्षेप अंतिम फेरीविषयीचा होता, म्हणून मला हा बदल मोलाचा वाटतो. इतकी वर्षे न पाहताच मते दिली जात होती, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

पहिली रांग :
आणि ही अट नामांकनाच्या फेरीला लागू नाही, म्हणजे माझा मुद्दा जिथल्या तिथे आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपट आणि माहितीपट यांच्यासाठी आधी पंधरा नावांची लघुयादी निघते. अभिनयासाठीही तशी यादी काढून तिच्यातली कामे पाहणे मतदारांना सक्तीचे करावे.

तिसरी घंटा :
ती यादी काढायला पुन्हा मतदानच घ्यावे लागेल, आणि ते मत न पाहिलेल्या शेकडो चित्रपटांतूनच दिले जाईल. कोलेट त्या पंधरांत आल्या असत्या, हे मी मान्य करतो. पाचांत आल्या असत्या का, याविषयी मला अजूनही शंका आहे.