बोरीबंदरचं घड्याळ, घुमट आणि दगड: जाणकारांचे अनुभव

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, म्हणजेच बोरीबंदरच्या, दर्शनी भागातलं मोठं घड्याळ आणि त्यामागचा घुमट रोज असंख्य माणसं बघतात, पण बघून पुढे जातात. मनोऱ्यावरची घड्याळं, जुनं दगडकाम किंवा या इमारतीचा इतिहास ज्यांच्या अभ्यासात किंवा कामात आहे, त्यांनी नेमकं लिहावं: काय, कसं, किती, आणि कशानं बिघडतं.

यांत्रिक घड्याळांविषयी

वजनांवर चालणाऱ्या जुन्या सार्वजनिक घड्याळात वेळ राखतो तो लंबक. दर सेकंदाला ठोका देणारा लंबक साधारण ९९ सेंटिमीटर लांब असतो. दीड सेकंदाचा सव्वादोन मीटरच्या आसपास. खालचा नट फिरवून गोळा वर घेतला की घड्याळ पुढे जातं, खाली सोडला की मागे पडतं. सेकंदाच्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक दिवसाला ४३ सेकंदांचा होतो, म्हणून नटाला घाईनं हात लावू नये. बारीक दुरुस्तीसाठी दांड्यावर, मधल्या भागात, छोटी पाटी असते. तिच्यावर हलकं वजन ठेवलं की वेग किंचित वाढतो, काढलं की कमी होतो. घड्याळ थांबवावं लागत नाही.

पोलादी दांडा उन्हाळ्यात लांबतो. तापमान १० अंशांनी चढलं तर दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे. हा बिघाड नव्हे. लाकडी दांड्यात हा फरक बराच कमी असतो, मात्र त्याला दमट हवेपासून जपावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान अति तेलानं होतं. तेल फक्त आसांच्या टोकांना आणि लंबकाला ढकल देणाऱ्या पट्ट्यांना, तेही थेंबभर. चक्रांच्या दात्यांना तेल लावलं की धूळ चिकटते आणि ती पितळ कानशीसारखी खाते.

काट्यांबद्दल जोड

घड्याळ सव्वाला पुढे आणि पाऊणला मागे दिसत असेल तर लंबकाला दोष देऊ नका. मिनिटकाट्याचा तोल गेलेला असतो आणि तबकडीमागच्या चक्रांत ढिलाई असते. उतरताना काटा स्वतःच्या वजनानं पुढे पडतो, चढताना मागे लोंबतो. काट्याच्या शेपटाकडचं तोलवजन आधी तपासावं. कबुतरं बसूनही हेच होतं. आणि तास वाजवणारं घड्याळ असेल तर काटे उलटे फिरवू नयेत. पुढे गेलेलं घड्याळ तेवढा वेळ थांबवून ठेवणं सुरक्षित.

दगडकाम

सांध्यांत सिमेंट भरणं हा जुन्या कोरीव दगडाचा घात आहे. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद असतं. आत मुरलेलं पावसाचं पाणी सांध्यातून सुटायचं ते दगडातून सुटू लागतं, क्षार पृष्ठभागाशी साचून स्फटिक बनतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे निघतात. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानंच भरायच्या: जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत हातानं खरवडायचा, सांधा ओला करायचा, मग चुना थरांनी दाबायचा आणि काही दिवस ओलसर ठेवायचा. पिंपळाचं रोप नुसतं उपटलं तर मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. मूळ मारून मगच सांधा बंद करावा. पावसाळ्यानंतर पन्हळी तपासणं हे काम सर्वांत स्वस्त, आणि तेच राहून जातं.

काय बघावं

वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ साली सुरू झालं, १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हिक्टोरिया हे नाव मिळालं, आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. घुमट अष्टकोनी आहे, दगडी फासळ्यांचा. त्यावरची मूर्ती प्रगतीची, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. घड्याळाखालच्या रिकाम्या कोनाड्यात पूर्वी राणीचा पुतळा होता. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ अनेकांना ठाऊक असतात, पण भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची शिल्पंही आहेत, ती शोधाच.

दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी फोटोत ती काळवंडते. दुपारनंतर ऊन समोरून येतं. फाटकाशी उभं राहिलात तर घुमट आखडल्यासारखा दिसतो. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूनं, कॅमेरा वर न उचलता सरळ धरून काढा आणि खालचा रस्ता नंतर कापा. म्हणजे मनोरे मागे कललेले दिसणार नाहीत.

जुन्या वेळा वाचताना

टर्मिनस उभं राहिलं त्या काळात रेल्वे मद्रास वेळ पाळायची. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबई वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. तरीही मुंबई वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. त्यामुळे जुन्या कागदात नुसतं 'सकाळी दहा' दिसलं तर ती वेळ रेल्वेची की शहराची, हे आधी ठरवा.

फलाटांवरची घड्याळं

विजेच्या जोडघड्याळांना मुख्य घड्याळाकडून ठरावीक अंतरानं, बहुधा दर मिनिटाला, विद्युत स्पंद मिळतो. एखादंच घड्याळ नेमकं एक-दोन मिनिटं मागे असेल तर स्पंद हुकला आहे: त्याच्या जोडण्या आणि गंज बघा. सगळी सारखीच मागे असतील तर मुख्य घड्याळाकडे जा.