वडिलांच्या माघारी हक्कसोडपत्र: बहिणीने सही करावी का?

वारणाकाठी
आमच्याकडे हे ठरल्यासारखंच होतं. वडील जातात, तेरावं होतं, आणि मुली सासरी परतायच्या आत चुलता नाहीतर थोरला भाऊ विषय काढतो, "वारस नोंद करायची आहे, आधारची झेरॉक्स ठेवून जा." त्यात वावगं काही नाही. पण थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधक कार्यालयात यायचा निरोप येतो. तिथल्या कागदावर, म्हणजे हक्कसोडपत्रावर, लिहिलेलं असतं की मी माझा हिस्सा राजीखुशीने, विनामोबदला भावाच्या लाभात सोडत आहे. माझ्या मावसबहिणीने तो कागद न वाचता अंगठा मशीनवर टेकवला. बाहेर आल्यावर भावाने सगळ्यांना उसाचा रस पाजला. घरी जाताना तिने मला फोन करून विचारलं, "हे वारस नोंदीचंच होतं ना?"

माझं म्हणणं: निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठल्याही बहिणीने सही करू नये, आणि कुठल्याही भावाने मागू नये. सही नाकारली की बहिणीने माहेर तोडलं म्हणतात. दुखवट्यात कागद पुढे करणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

थोरला
मीच तो कागद पुढे करणारा भाऊ, म्हणून लिहितो. आमची जमीन दोन एकर. आई, मी, दोन बहिणी, म्हणजे वीस-वीस गुंठे. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं. पहाटे गाडी काढायची, चार तास बाहेर बाकड्यावर बसायचं, येताना ते गाडीत ओकायचे ते पुसायचं. सोसायटीचं कर्ज माझ्या डोक्यावर. धाकटीच्या लग्नात म्हशी विकल्या. हे कुठल्या सातबाऱ्यावर चढतं? बहिणी यायच्या, रडायच्या, संध्याकाळच्या एसटीने जायच्या. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, पण उस्तवार माझी होती.

शेवंता
मी सही केली आणि मला त्याचं काही वाटत नाही. दर भाऊबीजेला भाऊ येतो, तांदळाचं पोतं येतं, मुलांच्या परीक्षा झाल्या की गाडी पाठवतो. वीस गुंठ्यांपेक्षा मला हे मोलाचं आहे.

वारणाकाठी
शेवंताताई, एका पोत्यात फार स्वस्त पडला म्हणायचा हिस्सा.

शेवंता
पोत्याची किंमत तुम्ही लावलीत, मी नाही.

दिवाणीवाला
भांडा, पण कायदा नीट धरा. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलीला मुलाएवढा वाटा आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यातून सुटल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ला, वडील हयात असायलाच हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये मिटवला: गरज नाही, मुलीचा हक्क जन्मापासून. मात्र २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर नोंदलेलं वाटप झालं असेल तर ते उकरता येत नाही.

आणि वारस नोंदीने हक्क जात नाही, नोंदलेल्या हक्कसोडपत्राने जातो. ते रद्द करायचं तर फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. सख्ख्या भावाविरुद्ध साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली बहीण मी पाहिली आहे. त्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

परतलेली
एक बाजू राहतेय. मीही आनंदाने सही केली होती. पुढे नवरा अपघातात गेला आणि मुलीला घेऊन मी माहेरी आले. भावाने नाही म्हटलं नाही, गोठ्यावरची खोली दिली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग वहिनी म्हणाली, वरच्या खोलीला वेगळा मीटर घेऊ या. बोलली ती गोडच. वाईट कोणीच नव्हतं हो. पण त्या दिवसापासून मी पंखा लावताना विचार करते. सातबाऱ्यावर माझं नाव असतं तर मी तो बिनधास्त लावला असता, एवढंच.

शेवंताताई, तुमचं चाललंय तसंच चालू दे. पण सगळं बरं चाललेलं असताना सही करणं सोपं असतं.

थोरला
परतलेली ताई, वाचून गप्प झालो. तरी माझा प्रश्न उरतोच. नावं सामाईक ठेवली की पीककर्जाला बँक सगळ्या खातेदारांची संमती मागते. एक बहीण पुण्यात, एक सुरतेला. जावई विचारणार, "कर्ज थकलं तर आपल्यावर येईल का?" तोवर लागणीचा हंगाम जातो. हे पिकवणाऱ्याला कळतं.

वारणाकाठी
अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण त्यावर एकच औषध का, की बहिणीने कायमचं नाव काढावं? कर्जापुरतं मुखत्यारपत्र घ्या. दवाखान्याचा, लग्नाचा खर्च वहीत मांडा, बहिणींसमोर वाचा, हिश्शातून वळता करा. माझ्या माहितीतल्या एका घरात बहिणींनी जमीन भावाकडेच ठेवली, पण परसातल्या दोन खोल्यांवर तिघींची नावं लावून घेतली. कोणाला कधी परतावं लागलं तर. सुरुवातीला भाऊ फुगून होता, आता त्याच खोल्यांना त्याने स्वतः पत्रा बदलून दिला. उस्तवारीचं मोल नको असं मी म्हणत नाही. ते बोलून ठरवा, गृहीत धरून नको.

दिवाणीवाला
आणि आईचं काय? चौथा वाटा तिचा आहे. वडील गेल्यावर तिचीही सही घेऊन टाकतात, आणि मग ती महिना-महिना फिरत राहते, या मुलाकडून त्या मुलाकडे.

थोरला
आईची सही मी घेतलेली नाही, घेणारही नाही. बहिणींना दिवाळीत बोलावतो. कागद काढणार नाही, फक्त वही. पण एक अट: जावयांनी त्या बैठकीत बसायचं नाही.

वारणाकाठी
मान्य. मग वहिनींनीही नाही.

थोरला
हे तुम्हीच तिला सांगा.